इथरनेट ट्रान्सीव्हरच्या बहुउपयोगी पिना: रीसेटच्या क्षणी पिन कोणाच्या ताब्यात असते?

इथरनेट ट्रान्सीव्हर चिपचा, म्हणजे या क्षेत्रातले सगळे जिला थोडक्यात 'फाय' म्हणतात तिचा, पिनांचा नकाशा पहिल्यांदा उघडणाऱ्याला एक गोष्ट हमखास बुचकळ्यात टाकते. बऱ्याच पिनांना दोन-दोन नावे असतात, आणि त्या दोन नावांचा एकमेकांशी काडीचाही संबंध दिसत नाही. एकीकडे 'एलईडी-१' लिहिलेले असते आणि त्याच पिनेवर शेजारी 'रेग-ऑफ'. आता दिवा लावणे आणि चिपच्या पोटातला व्होल्टेज रेग्युलेटर बंद करणे या दोन गोष्टी एकाच पायावर कशा, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

याचे उत्तर काळात आहे. चिप रीसेटमधून बाहेर पडते त्या क्षणी ती काही पिनांवरची पातळी, हाय की लो, एकदाच वाचते आणि मनात नोंदवून ठेवते. त्यानंतर त्याच पिना आपल्या रोजच्या कामाला लागतात. या एकदाच वाचल्या जाणाऱ्या पातळीला 'स्ट्रॅप' म्हणतात. म्हणून बहुउपयोगी पिनेचा विचार करताना ती काय करते, एवढे विचारून भागत नाही. वाचनाच्या त्या क्षणी ती कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारावे लागते. पुढची प्रत्येक पायरी याच प्रश्नाभोवती फिरते.

उदाहरण म्हणून मायक्रोचिपची लॅन८७२०ए ही चिप घेऊ. ती १० आणि १०० मेगाबिटची आहे, तिला चोवीस पाय आहेत आणि ती मायक्रोकंट्रोलरशी आरएमआयआय पद्धतीने बोलते, म्हणजे प्रत्येक दिशेला दोन डेटा तारा आणि ५० मेगाहर्ट्झचा क्लॉक. दोन बिट गुणिले ५० मेगाहर्ट्झ, झाले १०० मेगाबिट. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत इथरनेट मॉड्यूल मागितले की अनेकदा हीच चिप असलेला छोटा बोर्ड हातात पडतो, त्यामुळे सरावासाठीही ती सोयीची. डेटाशीटमध्ये नावे रोमन लिपीत असतात. इथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, पिनेचा क्रमांक सोबत दिला आहे, तेव्हा ताडून पाहण्यात अडचण येऊ नये.

पहिली पायरी: तक्ता मांडणे

सर्किट काढायला बसण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा आणि दोन नावे असलेल्या पिना त्यावर उतरवाव्यात. या चिपमध्ये लक्ष द्यावे अशा सात पिना आहेत. पिन २ ही एलईडी-२ आणि एन-इंट-सेल, पिन ३ ही एलईडी-१ आणि रेग-ऑफ, पिन ७ ही आरएक्सडी-१ आणि मोड-१, पिन ८ ही आरएक्सडी-० आणि मोड-०, पिन १० ही आरएक्स-ईआर आणि फाय-एडी-०, पिन ११ ही सीआरएस-डीव्ही आणि मोड-२, तर पिन १४ ही एन-इंट आणि रेफ-क्लॉक-आउट. यांपैकी पहिल्या सहा खऱ्या स्ट्रॅप पिना आहेत. चौदावी वेगळी आहे: तिच्यावर काही वाचले जात नाही, तिचे काम पिन २ वर काय वाचले गेले त्यावरून ठरते.

तक्त्यात प्रत्येक पिनेपुढे चार रकाने करावेत: चिपच्या आत कोणता पुल आहे (पिनेला हायकडे ओढणारा पुल-अप की लोकडे ओढणारा पुल-डाउन), आपल्याला कोणती पातळी हवी आहे, बाहेरून कोणता रेझिस्टर लावणार आहोत, आणि त्या तारेवर आणखी कोण बसले आहे. नवखे लोक पहिले तीन रकाने मन लावून भरतात आणि चौथा सोडून देतात. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक गडबडी त्या चौथ्या रकान्यातून निघालेल्या आहेत.

आतले पुल असे आहेत: मोडच्या तिन्ही पिनांना आणि एन-इंट-सेलला आत पुल-अप आहे, तर रेग-ऑफला आणि फाय-एडी-०ला आत पुल-डाउन आहे. म्हणजे या सहा पिनांवर बाहेरचे काहीही जोडलेले नसेल, तर चिप सर्व वेगांना तयार राहून ऑटो-निगोशिएशन करते, म्हणजे समोरच्या उपकरणाशी बोलून वेग ठरवते, तिचा पत्ता (मायक्रोकंट्रोलर तिला ज्या क्रमांकाने हाक मारतो तो) ० असतो, आतला रेग्युलेटर चालू असतो, आणि पिन १४ इंटरप्टचे काम करते. चिप बनवणाऱ्यांनी निवडलेली ही मूळ मांडणी शहाणपणाची आहे. तीत बदल करायचा असेल तर त्यामागे आपले कारण असले पाहिजे.

दुसरी पायरी: क्लॉक कोण देणार, हे सर्वांत आधी

सहा स्ट्रॅपांपैकी एन-इंट-सेलचा निर्णय आधी घ्यावा, कारण बोर्डावर काय बसवायचे हेच त्यावरून ठरते. ही पिन हाय वाचली गेली तर चिप ५० मेगाहर्ट्झचा क्लॉक बाहेरून मागते, तो पिन ५ वर द्यावा लागतो, आणि तोच क्लॉक मायक्रोकंट्रोलरलाही जावा लागतो. ही पिन लो वाचली गेली तर चिपला साधा २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल पुरतो. ती त्यावरून स्वतःच ५० मेगाहर्ट्झ तयार करते आणि पिन १४ वरून मायक्रोकंट्रोलरला देते. २५ चा क्रिस्टल ५० च्या ऑसिलेटरपेक्षा स्वस्त पडतो, म्हणून दुसरा मार्ग मोहक वाटतो. त्याची किंमत मात्र वेगळ्या जागी मोजावी लागते: पिन १४ क्लॉकमध्ये अडकली की इंटरप्टची पिन हातातून गेली. मग लिंक आहे की गेली हे कळण्यासाठी फर्मवेअरला ठरावीक अंतराने फायचे रजिस्टर, म्हणजे तिच्या स्थितीची नोंद असलेली आतली जागा, वाचत राहावे लागते. छोट्या उपकरणांत याने काहीही बिघडत नाही, आणि मी स्वतः बहुतेक वेळा क्रिस्टलचाच मार्ग घेतो.

इथे एक सावधगिरी. क्लॉक ज्या पिनेवर पोहोचतो, ती मायक्रोकंट्रोलरच्या बाजूची पिनही स्ट्रॅप असू शकते. ईएसपी-३२ हे त्याचे ठळक उदाहरण. त्यात आरएमआयआयचा क्लॉक बाहेरून घ्यायचा तर तो जीपीआयओ-० वर घ्यावा लागतो, आणि नेमकी हीच पिन ईएसपी-३२ स्वतःच्या रीसेटच्या वेळी वाचून ठरवते की नेहमीचा प्रोग्रॅम चालवायचा की नवा प्रोग्रॅम भरून घेण्याच्या स्थितीत जायचे. तिथे ५० मेगाहर्ट्झ आधीच धडधडत असेल तर त्या क्षणी हाय सापडेल की लो, हा निव्वळ नशिबाचा भाग होतो. बोर्ड कधी चालू होतो, कधी गप्प बसतो, आणि माणूस पॉवर सप्लायला दोष देत राहतो. डब्ल्यूटी-३२-ईटीएच-०१ या तयार बोर्डावर यासाठी ऑसिलेटरला चालू-बंद करणारी तार जीपीआयओ-१६ ला जोडलेली असते. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर तो आधी ऑसिलेटर चालू करतो आणि मगच फायला हात घालतो. ताबा कोणाचा, हा प्रश्न तारेच्या दोन्ही टोकांना विचारावा लागतो, तो असा.

तिसरी पायरी: दिवे लावताना

रेग-ऑफ आणि एन-इंट-सेल या दोन्ही स्ट्रॅप एलईडीच्या पिनांवर बसवलेल्या आहेत, आणि एलईडी हा विजेच्या दृष्टीने एक पुलच असतो, हे विसरले जाते. एलईडीचे दुसरे टोक ३.३ व्होल्टला जोडले असेल तर तो पिनेला वर ओढतो; जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडले असेल तर निदान वर ओढत नाही.

आता एक नेहमीची चूक जवळून पाहू. कोणीतरी सवयीने एलईडी-१ चा ॲनोड ३०० ओहमच्या आसपासच्या रेझिस्टरमार्गे ३.३ व्होल्टला आणि कॅथोड पिन ३ ला जोडतो. मायक्रोकंट्रोलरच्या पिनांवर आपण एलईडी असाच लावत आलेलो असतो. रीसेटच्या क्षणी पिन ३ ला चिपच्या आतला दुबळा पुल-डाउन खाली ओढत असतो, आणि एलईडी तिला वर ओढत असतो. लाल एलईडीवर इतक्या थोड्या प्रवाहाला दीड-पावणेदोन व्होल्ट पडतात, म्हणजे पिन दीड ते पावणेदोन व्होल्टच्या आसपास, ना धड हाय ना धड लो, अशी लोंबकळत राहते. चिपने ती हाय वाचली तर आतला १.२ व्होल्टचा रेग्युलेटर बंद होतो, आणि बाहेरून १.२ व्होल्ट देणारे कोणी नसल्यामुळे चिपचा गाभा उपाशी राहतो. एमडीआयओ (मायक्रोकंट्रोलर फायची रजिस्टरे जिच्यावरून वाचतो-लिहितो ती तार) गप्प, दिवे गप्प. दहा बोर्डांपैकी सात चालतात आणि तीन मेलेले वाटतात, तेव्हा सोल्डरिंग पुन्हा करत बसण्याआधी मल्टिमीटरने पिन ६, म्हणजे व्हीडीडी-सीआर मोजावी. तिथे १.२ व्होल्ट नसतील तर संशयित पिन ३ आहे.

नियम सोपा आहे, कारण ही चिप दिव्याची दिशा स्ट्रॅपवरून स्वतः ओळखते. पिन लो वाचली गेली तर दिवा लावण्यासाठी ती पिन हाय करते. हाय वाचली गेली तर लो करते. म्हणून रेग-ऑफ लो ठेवायची असेल, आणि ती जवळजवळ नेहमीच लो ठेवायची असते, तर एलईडी-१ पिनेपासून रेझिस्टरमार्गे ग्राउंडकडे लावावा. क्रिस्टलचा मार्ग निवडून एन-इंट-सेल लो करायची असेल तर एलईडी-२ देखील ग्राउंडकडेच लावावा, आणि आतला पुल-अप हरवण्यासाठी पिनेवरून ग्राउंडला १० किलोओहमचा वेगळा रेझिस्टर द्यावा. नुसता ग्राउंडकडचा एलईडी या कामाला पुरत नाही. तो पुरेसे व्होल्टेज मिळेपर्यंत वाहतच नाही. एन-इंट-सेल हाय ठेवायची असेल तर एलईडी-२ वरच्या व्होल्टेजकडे लावावा.

वरचे व्होल्टेज म्हणजे कोणते, हेही पाहून घ्यावे. या दोन पिना वर ओढायच्या असतील तर त्या व्हीडीडी-२ए या ॲनालॉग पुरवठ्याला जोडायच्या. बाकीच्या स्ट्रॅप व्हीडीडी-आयओला, म्हणजे सिग्नलच्या पिनांच्या पुरवठ्याला. दोन्ही पुरवठे ३.३ व्होल्टचे असतील तर फरक पडलेला दिसत नाही, पण ज्या दिवशी कोणी व्हीडीडी-आयओ १.८ व्होल्टवर नेतो त्या दिवशी तो दिसतो.

चौथी पायरी: मोड आणि पत्ता

मोडच्या तीन पिनांतून आठ पर्याय निघतात. मोड-२, मोड-१, मोड-० या क्रमाने वाचले तर १११ म्हणजे सर्व क्षमता आणि ऑटो-निगोशिएशन चालू. नवख्याने हाच ठेवावा. ००० आणि ००१ हे १० मेगाबिटचे हाफ आणि फुल डुप्लेक्स (हाफ म्हणजे एका वेळी एकाच दिशेने, फुल म्हणजे दोन्ही दिशांनी एकदम), ०१० आणि ०११ हे १०० मेगाबिटचे हाफ आणि फुल डुप्लेक्स. या चारही पर्यायांत ऑटो-निगोशिएशन बंद असते. ११० मध्ये चिप झोपलेल्या अवस्थेत उठते आणि फर्मवेअरने जागे करेपर्यंत तशीच राहते, जे बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणात उपयोगी पडते. उरलेल्या १०० आणि १०१ ची गरज मला आजवर पडलेली नाही.

'आपले जाळे १०० मेगाबिट फुल डुप्लेक्सचेच आहे, मग ०११ वर खिळा ठोकून टाकू' असा विचार पुष्कळांना सुचतो. तो करू नये. ऑटो-निगोशिएशन बंद असलेल्या चिपला समोरचा स्विच प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर येत नाही. स्विच सिग्नलवरून वेग ओळखतो, परंतु डुप्लेक्स ओळखण्याचा त्याला मार्ग नसतो, आणि मानकाप्रमाणे तो हाफ डुप्लेक्स धरून चालतो. मग एक बाजू फुल, दुसरी हाफ. लिंकचा दिवा लागतो, पिंगला उत्तर येते, आणि मोठी फाइल पाठवायला घेतली की पॅकेट गळू लागतात.

पत्त्याचे काम त्या मानाने किरकोळ आहे. एमडीआयओच्या तारेवर मानकाप्रमाणे ० ते ३१ असे बत्तीस पत्ते असू शकतात. या चिपला त्यासाठी एकच पिन असल्याने ० किंवा १ एवढीच निवड मिळते. आरएक्स-ईआर हा सिग्नल अनेक मायक्रोकंट्रोलर घेतच नाहीत, त्यामुळे पिन १० वर तिसरे कोणी बसलेले नसते आणि तिथे १० किलोओहमचा पुल-अप लावून पत्ता १ करणे निर्धोक असते. तयार बोर्डांवर हा पत्ता बोर्ड बनवणाऱ्याच्या मर्जीनुसार असतो. वर उल्लेख केलेल्या डब्ल्यूटी-३२-ईटीएच-०१ वर तो १ आहे, आणि ० समजून कोड लिहिणाऱ्यांची संध्याकाळ त्यात जाते.

पाचवी पायरी: रेझिस्टर किती ओहमचा?

या प्रश्नावर 'दहा के लाव, चालतं' हे उत्तर सगळीकडे मिळते, आणि बहुधा चालतेही. पण का चालते आणि कधी चालणार नाही, हे गणित दोन ओळींचे आहे, तेव्हा करून पाहावे.

डेटाशीट आतल्या पुल-अपची ताकद ओहममध्ये न सांगता प्रवाहात सांगते: साधारण ५० मायक्रोॲम्पिअर. म्हणजे पिनेवरून ग्राउंडला लावलेल्या रेझिस्टरमधून हे ५० मायक्रोॲम्पिअर वाहतात, आणि पिनेवर उरणारे व्होल्टेज म्हणजे ५० मायक्रोॲम्पिअर गुणिले रेझिस्टर. १० किलोओहमला ०.५ व्होल्ट येतात. ३.३ व्होल्टच्या लॉजिकमध्ये ०.८ च्या खाली निःशंक लो आणि २ च्या वर निःशंक हाय असा ढोबळ संकेत धरला, तर ०.५ हा चांगला लो आहे. आता पेटीत १० किलोओहमचा सापडला नाही म्हणून कोणी ४७ किलोओहमचा लावला, तर ५० गुणिले ४७ म्हणजे २.३५ व्होल्ट. पुल-डाउन लावूनही पिन सरळ हाय वाचली जाते! २२ किलोओहमला १.१ व्होल्ट येतात, ती तर त्याहून वाईट जागा, कारण तिथे आज एक आणि उद्या दुसरे वाचले जाऊ शकते.

हे झाले तारेवर दुसरे कोणी नसताना. पण आरएक्सडी आणि सीआरएस-डीव्हीच्या तारा मायक्रोकंट्रोलरला जोडलेल्या असतात, आणि त्याच्या पिनांनाही आतले पुल असतात, जे फर्मवेअरमधून चालू-बंद करता येतात. अनेक एसटीएम-३२ चिपांमध्ये ते सुमारे ४० किलोओहमचे असतात. समजा, एका मोड पिनेवर आपण १० किलोओहमचा पुल-डाउन लावला आहे आणि मायक्रोकंट्रोलरच्या बाजूला पुल-अप चालू राहिला आहे. मग खाली ओढणारा एक आणि वर ओढणारे दोन. हिशेब केला तर पिन १.०६ व्होल्टच्या आसपास थांबते, म्हणजे पुन्हा त्याच अधांतरी पट्ट्यात. तिथेच ४.७ किलोओहमचा रेझिस्टर असता तर सुमारे ०.५६ व्होल्ट आले असते आणि प्रश्न मिटला असता. म्हणून माझी शिफारस अशी: जी तार फक्त फायच्या मालकीची आहे तिथे १० किलोओहम, आणि जी तार मायक्रोकंट्रोलरपर्यंत जाते तिथे ४.७ किलोओहम. चालू कामात हा रेझिस्टर ५० मेगाहर्ट्झच्या सिग्नलला अडवत नाही. फक्त तो तारेच्या अगदी कडेला बसवावा, त्यासाठी लांब फाटा काढू नये.

आणखी एक उलटी बाजू. जिथे आपल्याला हाय हवी आहे तिथे आतला पुल-अप आहेच, मग बाहेरचा कशाला, असे वाटते. डेटाशीट स्वतःच बजावते की आतले पुल हे मोकळ्या पिनेला तरंगू न देण्यासाठी आहेत, बाहेरचा भार ओढण्यासाठी नाहीत. मायक्रोकंट्रोलरचा ४० किलोओहमचा पुल-डाउन चालू असेल तर ५० मायक्रोॲम्पिअरच्या पुल-अपला जेमतेम २ व्होल्ट गाठता येतात. तेवढ्यावर विसंबणे म्हणजे काय, ते पुढच्या पायरीत.

सहावी पायरी: रीसेट

स्ट्रॅप दोनदाच वाचल्या जातात: वीज चालू होताना, आणि एन-आरएसटी ही पिन १५ लो वरून हाय होताना. सॉफ्टवेअर रीसेटने त्या पुन्हा वाचल्या जात नाहीत. एन-आरएसटी किमान १०० मायक्रोसेकंद लो ठेवावी लागते, ती सोडण्यापूर्वी किमान २०० नॅनोसेकंद स्ट्रॅपच्या पातळ्या स्थिर असाव्या लागतात, आणि त्या काळात क्लॉक चालू असावा लागतो. शेवटची अट लोक विसरतात. ऑसिलेटर नंतर चालू केला तर तो रीसेट जमेस धरता येत नाही, पुन्हा द्यावा लागतो.

यात फसण्याची जागा मला एका दुरुस्तीच्या कामात चांगलीच कळली, आणि चूक माझीच होती. बोर्ड टेबलावर दिवसेंदिवस नीट चालत होता. ग्राहकाकडे केबल काढून पुन्हा लावली की काही बोर्ड मंदावत, आणि वीज बंद-चालू केली की पुन्हा ठणठणीत. मी केबलला दोष दिला, मग स्विचला दिला. अखेर एक बोर्ड मंदावलेल्या स्थितीत हाताशी लागला तेव्हा रजिस्टर वाचले, तर चिप १११ ऐवजी ०११ मध्ये बसली होती. कारण असे: लिंक बराच वेळ गेली की फायला रीसेट द्यायचा, अशी सोय मी फर्मवेअरमध्ये केली होती, आणि खोटे सिग्नल येऊ नयेत म्हणून सीआरएस-डीव्हीच्या पिनेवर मायक्रोकंट्रोलरचा पुल-डाउनही चालू केला होता. वीज येताना मायक्रोकंट्रोलरच्या पिना मोकळ्या असत, तेव्हा मोड-२ बरोबर हाय वाचली जाई. फर्मवेअरने दिलेल्या रीसेटच्या वेळी मात्र तो पुल-डाउन जागा असे, आणि मोड-२ त्या जेमतेम २ व्होल्टच्या कडेवर. काही चिपा तिला हाय म्हणत, काही लो. बोर्डावर बाहेरचा पुल-अप नव्हता, कारण 'आत आहेच की'.

तेव्हापासून क्रम असा ठेवतो. फायला हार्डवेअर रीसेट देण्यापूर्वी स्ट्रॅपच्या तारांवरच्या मायक्रोकंट्रोलरच्या पिना इनपुट कराव्यात आणि त्यांचे आतले पुल बंद करावेत. एन-आरएसटी लो करावी, क्लॉक चालू असल्याची खात्री करावी, एक मिलिसेकंद थांबावे (१०० मायक्रोसेकंद पुरतात, पण इथे घाई कसली), एन-आरएसटी सोडावी, थोडे थांबावे आणि मग इथरनेटच्या पिना पुन्हा कामाला जोडाव्यात. पुल द्यायचेच असतील तर त्यानंतर द्यावेत. माझ्या मते मात्र देऊच नयेत, आणि पुढच्या प्रत्येक रीसेटला तेवढी एक काळजी कमी करावी.

सातवी पायरी: वाचून खात्री करणे

बोर्ड हातात आल्यावर कोड लिहिण्याआधी मल्टिमीटर घ्यावा. एन-आरएसटी ग्राउंडला धरून ठेवावी आणि सहाही स्ट्रॅप पिनांवरचे व्होल्टेज मोजून आपल्या तक्त्यात लिहावे. रीसेटमध्ये असताना या पिना बाहेर काही ढकलत नाहीत, त्यामुळे फक्त पुलांची ओढाताण दिसते. कुठेही ०.८ ते २ व्होल्टच्या मधला आकडा आला तर पुढे जाऊ नये, आधी त्या तारेवर कोण बसले आहे ते शोधावे. हे मोजताना मायक्रोकंट्रोलरमध्ये तुमचा खरा फर्मवेअर चालू असावा. कोऱ्या मायक्रोकंट्रोलरसह मोजलेले आकडे फसवे असतात.

नंतर एमडीआयओवरून रजिस्टर २ आणि ३ वाचावीत. लॅन८७२०ए साठी रजिस्टर २ मध्ये हेक्साडेसिमल ०००७ यायला हवे आणि रजिस्टर ३ ची सुरुवात सी०एफ अशी हवी. शेवटचा अंक चिपच्या आवृत्तीचा असल्याने तो बदलू शकतो. सगळीकडे एफएफएफएफ आले तर त्या पत्त्यावर कोणी उत्तर देत नाही, कारण एमडीआयओच्या तारेला १.५ किलोओहमचा पुल-अप असतो आणि मोकळी तार १ च वाचते. अशा वेळी ० ते ३१ सगळे पत्ते फिरून पाहावेत. सगळीकडे शून्ये आली तर तार कुठेतरी ग्राउंडला चिकटली आहे, किंवा मायक्रोकंट्रोलरमध्ये ती पिन एमडीआयओच्या कामाला जोडायची राहिली आहे.

खरी साक्ष देते ते रजिस्टर १८. त्यातले ७ ते ५ हे बिट म्हणजे चिपने वाचलेला मोड, आणि ४ ते ० हे बिट म्हणजे तिने वाचलेला पत्ता. मोड १११ आणि पत्ता ० असेल तर खालचे आठ बिट १११००००० दिसतात, पत्ता १ असेल तर १११००००१. माझ्या त्या बिघडलेल्या बोर्डावर ०११००००० दिसले होते. उत्पादनातल्या चाचणीत हे एक रजिस्टर तपासण्याची ओळ जरूर घालावी.

याच रजिस्टरमध्ये लिहून स्ट्रॅपचा निकाल बदलताही येतो. मोडचे बिट हवे तसे लिहायचे आणि रजिस्टर ० चा 'बिट १५' हा १ करून सॉफ्टवेअर रीसेट द्यायचा. रजिस्टर १८ चे हे बिट सॉफ्टवेअर रीसेटने पुसले जात नाहीत, उलट नवा मोड तेव्हाच लागू होतो. राखीव बिट कोणत्या किमतीने लिहायचे ते डेटाशीटमध्ये पाहून घ्यावे. हा मार्ग छापून झालेल्या बोर्डांना वाचवण्यासाठी चांगला आहे. क्लॉकची दिशा आणि रेग्युलेटर मात्र यातून सुधारत नाहीत; ती चूक रेझिस्टर बदलूनच निस्तरावी लागते.

पिन १४ इंटरप्टसाठी वापरली असेल तर तिच्यावर बाहेरून पुल-अप द्यावा, रजिस्टर ३० मध्ये हवे ते इंटरप्ट मोकळे करावेत आणि आलेला इंटरप्ट रजिस्टर २९ वाचून पुसावा. ती पिन क्लॉकला दिली असेल तर रजिस्टर १ चा 'बिट २' (मोजणी ० पासून) वाचत राहावा. हा बिट लिंक एकदा तुटली की वाचला जाईपर्यंत ० वरच अडकून राहतो, असे मानकच सांगते. म्हणून सध्याची स्थिती हवी असेल तर तो लागोपाठ दोनदा वाचावा आणि दुसरे उत्तर खरे धरावे.

दुसऱ्या चिपकडे वळताना

नावे आणि आतले पुल प्रत्येक चिपमध्ये वेगळे असतात, त्यामुळे जुन्या सर्किटमधले रेझिस्टर जसेच्या तसे उचलून नव्या चिपला लावू नयेत. काही चिपा पत्ता ० हा सर्वांसाठीचा पत्ता मानतात, तिथे एकाच तारेवर दोन फाय असतील तर ० टाळावा लागतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या डीपी८३८६७ सारख्या गिगाबिट चिपांमध्ये तर काही पिना हाय आणि लो एवढेच वाचत नाहीत. पिनेवर दोन रेझिस्टरांची विभागणी करून चार वेगवेगळ्या पातळ्या द्याव्या लागतात आणि एका पिनेतून दोन बिट निघतात. अशा ठिकाणी मायक्रोकंट्रोलरचा एखादा विसरलेला पुल चिपला थेट शेजारच्या पातळीत ढकलू शकतो, म्हणून रेझिस्टर एक टक्का अचूकतेचे घ्यावेत आणि पाचव्या पायरीतले गणित प्रत्येक पिनेसाठी स्वतंत्रपणे करावे. तक्त्यातला तो चौथा रकाना तिथे आधी भरावा, बाकीचे तीन नंतर.